आईचा आशीर्वाद आणि मागची नंबर प्लेट

४ नोव्हेंबर

ही डायरी मनीषाने हातात दिली. विम्यावाल्याने जानेवारीत दिलेली, दहा महिने कपाटात कोरी पडलेली. म्हणाली, "अहो, तुमी रस्त्यावर जे बोलता ना, ते हितं लिवा. कागद उलटून बोलत नाय." बायको बी.कॉम. असली की उपदेशही असा घडी घालून मिळतो.

तर आज काय झालं ते लिहितो. माझा ट्रक अडवला. माझा! दहा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, मालकांची बोलणी खाल्ली, आणि यंदा दसऱ्याला विचुंब्यात स्वतःच्या दारात स्वतःची गाडी उभी केली. कपाळावर 'आईचा आशीर्वाद', मागे आंब्याच्या पानांची वेल आणि दोन मोर. कळंबोलीच्या पेंटरने जीव ओतलाय. शेडुंगजवळ परिवहनवाल्यांची जीप उभी होती. एका मॅडमनी हात केला. मला वाटलं, मोर बघायचे असतील.

मोर बघितले खरे. मग म्हणाल्या, "या मोराखाली लाल चमकपट्टी असायला हवी. कुठे आहे?" पेंटरने तिच्यावरूनच वेल नेलेली. आग विझवायचा सिलिंडर बघितला, त्याची मुदत संपलेली. मग मागच्या नंबर प्लेटपाशी वाकल्या. शेवटच्या आकड्यावर काळा चिखल बसला होता, आकडा दिसतच नव्हता. तीन गुन्हे! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "मॅडम, रस्त्यावर धूळ उडते ती काय मी उडवतो?" असं मी म्हणालो. खरं तर याहून जास्त म्हणालो, पण ते लिहीत नाही, आमची पोर रेवा मोठी होऊन वाचेल.

मॅडम शांत. छातीवर नाव होतं, मिताली देसाई. म्हणाल्या, "घरत, चलान म्हणजे शिवी नाही. आधी वाचा, मग चिडा."

मी वाचलं नाही, घडी करून खिशात कोंबलं. घरी आल्यावर मनीषाने खिशातून काढलं.

५ नोव्हेंबर

मनीषाने रेवाला मांडीवर घेऊन चलान वाचलं. सहा महिन्यांची पोर कागद खायला बघत होती, तिला खाऊ द्यायला हवा होता.

मनीषा म्हणते, हे तीन गुन्हे एका जातीचे नाहीत. पट्टी आणि सिलिंडर ही आपली चूक. दंड भरायचा, दुरुस्त करायचं, फोटो काढून ठेवायचा. आपली चूक नसेल तर हरकत घ्यायची, त्याला वेबसाइटवर जागा असते. आणि नंबर प्लेट? "धुवायची, अहो. फडकं मारायचं." एवढंच.

"आणि भांडायचं कदी?" मी विचारलं.

"भांडायचा रकाना नाय त्याच्यात."

हे सगळं इतकं सोपं असेल तर लोक रस्त्यावर घसा का फोडतात? संध्याकाळी पेंटरकडे गेलो. त्याने रडक्या तोंडाने एका मोराची शेपटी कापली. नवी लाल पट्टी लावली. सिलिंडर भरून घेतला. बिनशेपटीचा मोर आता कोंबड्यासारखा दिसतो.

काळजी ही आहे की तळोज्याच्या रंगाच्या कंपनीने मला डिसेंबरअखेरपर्यंत तात्पुरतं ठेवलंय. रंगाचे ड्रम पुण्याला पोचवायचे. त्यांचे विश्वजीत साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "रस्त्यावरच्या तपासणीचं रेकॉर्ड स्वच्छ ठेव, नव्या वर्षात वर्षभराचं काम तुझं." ते मिळालं नाही तर गाडी दाराशी उभी आणि मी पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर. नको रे देवा. स्वतःच्या स्टिअरिंगची एकदा सवय लागली की लागली.

९ नोव्हेंबर

रविवार, खेप नाही. आई ओट्यावर बसून काजळ धरत होती. तुपाचा दिवा, वर तांब्या पालथा. मनीषा म्हणाली, "आई, एवढं काजळ कशाला? डॉक्टरांनी डोळ्यांत घालायचं नाय म्हनून सांगितलंय. रेवाच्या गालावर एक ठिपका तर लागतो."

"लागतं," आई म्हणाली. तिने डबी काठोकाठ भरली.

आमच्या आईचं नाव हौसा, आणि हौस तिला दांडगी. बाबा गेले तेव्हा मी लहान होतो. मिठागरात डोक्यावर पाट्या वाहून तिने मला वाढवलं. ती ट्रकला ट्रक म्हणतच नाही. रेवा थोरली आणि ट्रक 'धाकटं लेकरू'. रोज सकाळी मी गाडी तपासून, चहा पिऊन इंजिन चालू केलं की ती मुठीत मीठ-मोहरी घेऊन गाडीभोवती फेरी मारते. आरशात मला दिसते. मागे जरा जास्तच वेळ थांबते. गुडघे दुखत असणार बिचारीचे. मी हॉर्न देत नाही, थांबतो. एवढी अक्कल आहे मला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, पहिल्या खेपेला, ती माझ्याच गालाला तीट लावायला आली होती. मी मान काढून घेतली. "आये, मी काय रेवा हाय? कंपनीच्या गेटवर लोक हसतील." डबी मिटून घेतली. नंतर कधी आली नाही, समजूतदार आहे.

१४ नोव्हेंबर

पुन्हा! त्याच मॅडम, तीच जीप, यावेळी खालापूरच्या अलीकडे. मी ऐटीत उतरलो. पट्टी दाखवली, सिलिंडर दाखवला, कागद दाखवले, औषधाची पेटी न विचारता उघडून दाखवली. मॅडम खूश झाल्या. "छान. चलान वाचलेलं दिसतंय." मी म्हटलं, घरी वाचून घेतलंय. मग त्या मागे गेल्या.

शेवटच्या आकड्यावर काळा डाग. तोच आकडा.

मी आकाशाकडे बघितलं. सकाळी मी स्वतः फडकं मारलं होतं. आईशप्पथ मारलं होतं! मॅडमनी फोटो काढला, चलान दिलं. म्हणाल्या, "घरत, काही जण कॅमेऱ्यात नंबर येऊ नये म्हणून आकड्यावर ग्रीस फासतात. तुम्ही त्यातले नसाल अशी आशा आहे."

मी! मी त्यातला! माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की लोणावळ्यापर्यंत शिंका येत होत्या. विश्वजीत साहेबांनी चलान बघून नुसतं "हं" केलं. ते "हं" वाईट होतं.

१५ नोव्हेंबर

मनीषाची युक्ती: रोज सकाळी तपासणी झाली की नंबर प्लेटचा फोटो काढायचा. फोटोवर वेळ येते. आज काढला, आकडे लख्ख. पुण्याला पोचल्यावर परत बघितलं तर डाग हजर! बोट लावून बघितलं. चिकट, तुपकट, वर रस्त्याची धूळ बसून भाकरीएवढा पसरलेला.

म्हणजे घर आणि पुणे यांच्यामध्ये कोणीतरी लावतं. आणि मध्ये मी थांबतो कुठे? नाक्यावर. हवा भरायला आणि चहाला. नाका कोणाचा? गणू भगतचा. गणूच्या तीन गाड्या आहेत, आणि रंगाच्या कंपनीचं काम त्यालाच हवं होतं हे अख्ख्या सुकापूर-विचुंब्याला ठाऊक आहे. वर तो रोज माझ्या गाडीच्या पाठीवर थाप मारतो आणि म्हणतो, "हरेशशेट, गाडी लय गोड दिसते." थाप मारतो की फासतो?

सापडला चोर.

संध्याकाळी जेवताना सांगितलं. मनीषा म्हणाली, पुरावा काय? आईने भाकरी तव्यावर उलटली आणि म्हणाली, "गनूची नजर वाईटच हाय. फुडून येनारा बगून निगून जातो. पाठचा जलतो. पाठ सांबालली पायजे."

बघा. आईसुद्धा माझ्या बाजूने.

१७ नोव्हेंबर

आज नाक्यावर थांबलोच नाही. हवा दुसरीकडे भरली, चहा प्यायलो नाही. तरी डाग! म्हणजे गणूने माणूस ठेवलाय. पैसेवाल्यांचं काय, ते काहीही करू शकतात.

रेवाची काजळाची डबी सकाळपासून सापडत नव्हती. मनीषाने घर उलटंपालटं केलं. शेवटी अंगणात गेटच्या खांबावर मिळाली. घरात माणसं चार आणि वस्तू जागेवर ठेवायची शिस्त एकालाही नाही.

२० नोव्हेंबर

अमावस्या. आईने गाडीला लिंबू-मिरची, नारळ, सगळं केलं. फेरी एकदा नाही, तीनदा. मी आत बसून मोबाइलवर एक अख्खी कीर्तनाची क्लिप ऐकून संपवली.

पुण्यात बघितलं तर आज डाग दुप्पट. गणू अमावस्या साधतो. करणी करतो की काय कोण जाणे.

२२ नोव्हेंबर

आज मी गणूला नाक्यावर, भर लोकांत, धरला. "पाठीमागून काळं फासतोस? समोर ये की!" दहा-बारा माणसं जमली. वडापाववाल्याने गॅस बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

गणूचं तोंड उघडंच. "मी? तुज्या गाडीला? अरे, मी तर तुजी गाडी बगून माज्या पेंटरला बोललो, मला बी असेच मोर काड." मग त्याचा आवाज चढला. एकवीरा आईची शपथ घेतली. आमच्यात एकवीरेची शपथ खोटी घेत नाहीत. पण मी माघार घेतली नाही. घरत मागे हटत नाहीत. आणि गाडी रिव्हर्स घेताना त्याच्या बाकड्याला धक्का लागला, तो चुकून.

मनीषाला कोणीतरी फोन करून सगळं सांगितलं होतं. ती रात्रीचं जेवण वाढताना एक शब्द बोलली नाही. भांडी मात्र बोलत होती.

२७ नोव्हेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घरात उपास, आणि त्यात हे.

मिताली मॅडम. डाग. तीच जागा. त्यांनी टॅबवर आधीचे फोटो काढून शेजारी धरले. मी मोबाइलमधले सकाळचे स्वच्छ फोटो दाखवले, गणूचं नाव घेतलं, एकवीरेचंही घेतलं. त्या म्हणाल्या, "घरत, तुमचं म्हणणं रस्त्यावर ऐकता येणार नाही. नोटीस येईल. कार्यालयात या आणि लेखी सांगा."

नोटीस लगेच आलीसुद्धा, मोबाइलवर. नंबर जाणूनबुजून झाकल्याचा संशय. आपलं लायसन निलंबित का करू नये याचे कारण दाखवा.

लायसन! ट्रक गेला तर दुसऱ्याचा चालवीन म्हणत होतो. लायसन गेलं तर काय चालवू, रेवाची बाबागाडी?

विश्वजीत साहेबांना मी स्वतःच सांगितलं, लपवून काय होणार. ते म्हणाले, "सुनावणीचा निकाल आण. आणि डिसेंबरअखेरपर्यंत एक तरी तपासणी पूर्ण स्वच्छ दाखव. मग बघू." माणूस वाईट नाही.

घरी आलो तर आई दारात. तोंड बघूनच ओळखलं तिने. "कोनाची तरी लागलीच," म्हणाली आणि देव्हाऱ्यापाशी जाऊन बसली. मला भरून आलं. या वयात तिला काळजी द्यायची म्हणजे काय.

२९ नोव्हेंबर

उत्तर लिहायला बसलो. मी सांगत होतो, मनीषा लिहीत होती. म्हणजे मी सांगत होतो आणि ती दुसरंच लिहीत होती. 'महोदया, माझ्याविरुद्ध विचुंबे नाक्यावरील काही जळकुट्या प्रवृत्ती' असं मी सांगितलं. तिने लिहिलं: 'महोदया, डाग पडतो हे मला मान्य आहे. तो मी लावत नाही. रोज निघण्यापूर्वीचे फोटो सोबत जोडले आहेत.'

"एवढंच?"

"जेवढं खरं ठाऊक हाय तेवढंच लिवायचं. गनूभावजींचं ठाऊक नाय, नुसतं वाटतंय."

"मग माझा राग कुठं गेला ह्याच्यात?"

"तुमची ती डायरी हाय ना, तिच्यात."

सही केली. खरं सांगायचं तर वाचल्यावर बरं वाटलं. चार ओळींत मी चांगला माणूस वाटत होतो.

३ डिसेंबर

झोप नाही. मंगळवारी सुनावणी. गणू रस्त्यात दिसला, त्याने मान वळवली. आधी थाप मारायचा तीच बरी होती.

९ डिसेंबर

हसून हसून बरगड्या दुखतायत. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

सकाळी निघालो चौघं. मनीषा, कारण उत्तर तिने लिहिलेलं. रेवा, कारण ती मनीषाशिवाय राहत नाही. आणि आई, कारण "माज्या पोराला बोलवलंय नि मी काय घरात बसून कांदे सोलू?" नवी नऊवारी, नाकात नथ. जणू हळदीला निघाली होती.

मिताली मॅडम टेबलापलीकडे. आईला बघून उठल्या, खुर्ची दिली. मग आमचं उत्तर वाचलं. "उत्तर नीट लिहिलंय," म्हणाल्या. मनीषाने माझ्याकडे बघितलं नाही, पण तिचा कान लाल झाला. मग मॅडमनी टेबलावर तीन मोठे फोटो मांडले. "हे बघा. तीन वेगळे दिवस, डाग एकाच जागी, एकाच आकाराचा. धूळ अशी शिस्तीत बसत नाही. कोणीतरी बोटाने लावतंय. कोण?"

मी छाती भरून घेतली. 'ग' म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात मनीषाने फोटो जवळ ओढला. बघितला. मग मांडीवरच्या रेवाकडे बघितलं. परत फोटो. रेवाच्या गालावर तीट होती, सकाळी आईने लावलेली. गोल, खालच्या बाजूला जरा ओघळलेली. मॅडमही रेवाकडे बघायला लागल्या. फोटोतल्या डागावर त्यांनी बोट ठेवलं आणि ते बोट तिथेच राहिलं. रेवा आपली मॅडमचं पेन पकडायला बघत होती.

"आई," मनीषा हळूच म्हणाली, "डबी कुटं हाय?"

आईने कमरेची चंची काढली, चंचीतून डबी काढली आणि टेबलावर, सरकारी कागदांवर, ठेवली. "ही काय. मंग? अशी काय बगता सगली? मीच लावते."

"आये!" मी एवढ्या जोरात ओरडलो की बाहेरचा शिपाई आत डोकावला. "नंबर प्लेटवर? अगं, माजं लायसन चाललं होतं!"

"मला काय ठाऊक तो नंबर कामाचा हाय? पिवली पाटी, हलद लावल्यावानी, पाठीवर. तितं काला ठिपका उटून दिसतो. म्हनून तितंच लावली."

"तू गाडीला तीट लावतेस?"

"गाडीला कोन लावतंय?" आई आता चिडली. तिने मॅडमकडे मोर्चा वळवला. "मॅडम, तुमीच सांगा. हा लहान होता तवा मिटागरावर मी ह्याला तीट लावल्याबिगर नेला नाय. उन्हात बांदावर निजायचा. कोनाची लागली नाय, काय झालं नाय. आता हा रोज घाट चडून जातो. ह्याला लावाया गेले तं मान काडून घेतली. मोटा झालाय! मंग जिच्यात हा बसतो तिला लावते. तिच्या आत तं हाच असतो ना?"

मी काय लिहू. डोळे भरले, आणि त्याच वेळी पोटातून हसू वर येत होतं. दोन्ही एकदम आलं की माणूस म्हशीसारखा आवाज काढतो. मी काढला. मनीषा पदरात तोंड घालून हलत होती. आणि मॅडम! शेडुंगला मोरासमोर न हसलेल्या मॅडम चष्मा काढून डोळे पुसत होत्या.

"आजी," त्या म्हणाल्या, "तुमच्या काजळात गुण आहे. आमच्या एकाही कॅमेऱ्याची नजर याला लागली नाही."

आईला ते कौतुक वाटलं. "तेच तं सांगते," म्हणाली.

मग मॅडम पुन्हा सरळ बसल्या. नंबर दिसत नव्हता ही गोष्ट खरी, तेव्हा त्याचे दंड माफ होणार नाहीत. ते भरायचे. पण लपवायचा हेतू नव्हता, म्हणून लायसनला हात लागणार नाही. मी आणि आई, दोघांनी लेखी हमी द्यायची. हमी मनीषाने लिहिली, आईने सही केली. साक्षरता वर्गात शिकलेली तिची सही: हौसा बळीराम घरत, एकेक अक्षर पाटी उचलल्यासारखं.

सही करता करता तिने विचारलं, "नंबरावर नाय लावनार. मंग दिव्यावर लावू?"

"नाही आजी."

"त्या लाल पट्टीवर?"

"नाही."

"फुडच्या काचेवर, एका कोपऱ्यात?"

"गाडीवर कुठेच नाही, आजी."

आईचा चेहरा उतरला. तिने डबी उचलून चंचीत ठेवली. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, जरा वेळ बघितलं, आणि कागदावर शिक्का मारत म्हणाल्या, "ड्रायव्हरच्या गालाबद्दल मात्र कायद्यात काही लिहिलेलं नाही."

१० डिसेंबर

आज बुधवार, मासे चालतात, म्हणून जमलं. मोठा जिताडा घेऊन गणूच्या घरी गेलो. दारातच कान पकडले. सगळी हकिकत सांगितली. गणू भिंतीला टेकून हसला, मग बायकोला हाक मारून पुन्हा सांगायला लावली, मग शेजाऱ्याला बोलावून तिसऱ्यांदा. म्हणाला, "हरेश, तुजी आय हाय म्हनून सोडतो." मग जरा थांबून म्हणाला, "पन माजी नजर वाईट, असं काकी बोलली? खरंच?" मी म्हटलं, जिताडा खा.

निघताना त्याने थाप मारली. माझ्या पाठीवर, गाडीच्या नाही.

१६ डिसेंबर

नंबर प्लेट आरशासारखी. पुण्यापर्यंत लख्ख, घरापर्यंत लख्ख. पण एक गोष्ट चैन पडू देत नाही. सकाळी इंजिन चालू करतो, सवयीने आरशात बघतो, आणि मागे कोणी नसतं. आई दारातच उभी असते. हात पदराखाली. हमी दिलीय ना, ती मोडणार नाही; मिठाची पाटी उतरवतानाही कधी बांधाबाहेर पाऊल टाकलं नाही तिने. मी म्हटलं, "आये, मीठ-मोहरी तं चालते." ती म्हणाली, "नको. तुज्या कामात खोट नको."

हॉर्न दिला आणि निघालो. उगाचच दिला. घाटात दोनदा आरसा नीट केला, नीटच होता.

३१ डिसेंबर

आज शेवटचा दिवस, आणि अजून एकाही तपासणीने मला अडवलेलं नाही. नोव्हेंबरात जीप सोडत नव्हती, आता हवी तर दिसत नाही! 'आ बैल मुझे मार' म्हणत फिरतोय. आज स्वच्छ तपासणी नाही झाली तर काम गेलं.

सकाळी सगळं तपासलं. दिवे, पट्टी, सिलिंडर, टायर, कागद. प्लेटचा फोटो. चहा प्यायलो. गाडीत बसून चावी फिरवली. आरसा रिकामा. आई दारात, हात पदराखाली.

इंजिन बंद केलं. उतरलो. अंगण ओलांडून तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. मग नुसता वाकलो आणि गाल पुढे केला.

आई बघतच राहिली. "अरे, लोक हसतील. कंपनीच्या गेटवर."

"हसू दे."

डबी चंचीतच होती. म्हणजे रोज जवळ ठेवत होती. तिचं बोट खरखरीत आहे, मिठाने कायमचं झालेलं. तिने तीट लावली, मग माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली, जरा मागे होऊन बघितली आणि शेजारी दुसरी लावली. "एक पुन्याला जायाची. एक यायाची." दारात मनीषा रेवाला कडेवर घेऊन उभी. रेवाच्या गालावर तीट, माझ्या गालावर दोन. मनीषाने फोटो काढला. म्हणाली, या फोटोवरसुद्धा वेळ येते.

शेडुंगच्या पुढे जीप! मी आनंदाने इतक्या लवकर ब्रेक मारला की शिपाई घाबरला. आज मॅडम नव्हत्या, एक तरुण साहेब होते. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली. मागे जरा जास्तच वेळ थांबले. मी आरशात बघत होतो. मग ते पुढे आले, मशीनमधून कागद काढून दिला. 'दोष आढळला नाही.' मी तिथेच उभ्या उभ्या त्याचा फोटो काढून विश्वजीत साहेबांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "उद्यापासून वर्षभर. अभिनंदन." मी समोरच्या तरुण साहेबांना मिठीच मारणार होतो, पण त्याचं चलान होतं की नाही ठाऊक नाही, म्हणून नमस्कार केला.

साहेब वळले, मग पुन्हा थांबले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "गालाला ग्रीस लागलंय तुमच्या. पुसून घ्या."

"असू द्या साहेब," मी म्हणालो. "त्याची तपासणी झालेली हाय."

आणि गाडी घाटाकडे काढली.